घोरपडीच्या पिल्लांचं बिऱ्हाड

६ जून १९७१, रविवार

ट्रंक, वळकटी आणि मी कुंडलिक, तिघंही वैरागहून सोलापुरात सुखरूप! गिरणीच्या स्टोअरात कारकुनी मिळाली आणि दोन खोल्यांची जागाही झकास. घरमालकीण अक्कम्मा तोंडानं फटकळ, पण मनानं लोणी. घरात मांस-मच्छी चालणार नाही, असं त्यांनी आधी कन्नडात आणि मग मराठीत बजावलं. मी म्हटलं, बाई, मला पिठलं जमलं तरी गंगेत घोडं न्हालं. आमची बायको गोजर जाऊन वर्ष झालं. तिकडं घर खायला उठायचं, म्हणून तर गाव सोडलं.

१० जून

गिरणीच्या जुन्या गोदामाचा पाया उकरताना घोरपडीची चार पिल्लं निघाली. माणसं दगड घेऊन धावली. मी आपला शहाणा, पिशवीत घालून घरी घेऊन आलो. नसतं लोढणं गळ्यात! पण संध्याकाळी कुलूप काढलं तर आत कुणीतरी हललं. एवढ्यानंही बरं वाटलं.

१३ जून, रविवार

घर पाहावं बांधून म्हणतात ते खोटं नाही. मागच्या खोलीत विटांचा हौद रचला, वर जाळी टाकली. या पिल्लांना उकरायला माती लागते, म्हणून हौदातल्या शहाबादी फरश्या काढून भुसभुशीत माती भरली. लपायला फुटकी मडकी, परळात पाणी, उबेला बल्ब. खायला नाकतोडे मी धरून आणतो. अक्कम्मांनी दारातूनच बघितलं, नाकाला पदर लावला आणि विचारलं, की नाकतोडे मांसात धरायचे का न्हाय? मी सांगितलं, मी तर खात न्हाय.

२० जून

पिल्लांनी बीळ पाडलं. काठी घातली, ती अख्खी आत गेली तरी तळ लागेना. मग एक पिल्लू वर आलं, तोंडात भाकरीचा तुकडा. घोरपड कुठं भाकरी खाते? आणि मी तर आज चूल पेटवलीच नव्हती. तुकडा उचलला. गरम होता.

२३ जून

जेवणाच्या सुट्टीत घरी आलो, तर भर दुपारी फरशीखालून भाकरी थापल्याचा आवाज. थप थप, मध्येच बांगड्या. अक्कम्मांना बोलावलं. त्यांनी कान लावला. खाली नुसता मुरूम हाय म्हणाल्या, आणि माझ्याकडंच बघत राहिल्या. ते बीळ बुजवा, आजपासनं आमच्यात जेवा, एकट्यानं माणसाचं डोकं फिरतंय, म्हणाल्या. बुजवतो म्हटलं.

२४ जून

बुजवलं नाही. बिळातून हाक आली. अवं, या की जेवायला. गोजरच! ढसाढसा रडलो. वर्षभरात मला जेवायला कुणी हाक मारली नव्हती.

२६ जून

कामावर गेलो नाही. बीळ रुंद करतोय. पिल्लं वर येत नाहीत. नाकतोडे तसेच पडून — अक्कम्मा दार वाजवून गेल्या. ओ दिली नाही.

२८ जून

हात खांद्यापर्यंत गेला. आत ऊब. कुणीतरी हातावर पाणी घातलं, जेवणाआधी घालतात तसं. मग हात धरला. सोडत नाही —

डाव्या हातानं लिहितोय. पुन्हा हाक. कुंडलिक, ये जेवायला.

नावानं. लग्नातल्या उखाण्यानंतर गोजरनं माझं नाव कधी घेतलं नाही. मरतानासुद्धा अवं म्हणाली —

ही गोजर न्हाय.

अक्कम्मा दाराशी आल्यात. ताट वाढलंय म्हणतायत. ओरडायचंय, तोंडातून आवाज फुटत नाही — खालून कुणीतरी ओ दिली. माझ्याच आवाजात. जेवलो म्हणालं, तुम्ही जावा —

पावलं परत चाललीत. अक्कम्मा, तो मी न्हाय, मी हितं —