पुरणाचं पाणी

त्रिशूर, केरळ
ता. १४ ऑगस्ट २०२५

सौ. शिवांजलीस,

रणधीरचा नमस्कार. येडशीला तू आणि घरचे सगळे बरे असाल. मी बरा आहे. फोन लावून बघितला, तुझ्याकडं माझा नंबर लागत नाही, म्हणून पत्र. आठवीत शाळा सुटल्यापासून एवढं कधी लिहिलं नाही. अक्षर लावून वाच.

तुझ्या भावानं, रामकिसननं, पाठवलेला फारकतीचा कागद शनिवारी मिळाला. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारली आहे, ती बघितली. त्याचं शेवटी लिहितो.

मी इथं सोनं गाळायच्या दुकानात आहे. जुने दागिने वितळवून चोख सोनं काढायचं. मालक सांगलीकडचा, मराठीच बोलतो. आधी पाच महिने हैदराबादला होतो, मग सुरतेला. कुठंच पाय टिकला नाही. इथंही किती दिवस, माहीत नाही. दुकानाच्या वर आम्ही चौघं राहतो. स्वयंपाकाला पाळी असते, माझी मंगळवारी आणि शुक्रवारी.

इथलं पाणी लई हलकं. साबण लावला की फेस जाता जात नाही, दोन तांबे जादाच घ्यावे लागतात. तोटीला पांढरं बसत नाही. पहिल्या पाळीला मी तूरडाळ टाकली आणि आपल्या घरच्या सवयीनं सात शिट्ट्या घेतल्या. झाकण काढलं तर डाळच नाही, पिवळं पाणी नुसतं. खोलीत उमरग्याचा बसवराज आहे. तो म्हणाला, "रणधीरशेठ, ही आमटी हाय का भिंतीचा रंग? दुसरा हात मारायचा का?" सगळे हसले. मी पण हसलो. आता तीन शिट्ट्या घेतो.

घरची खबर म्हणशील तर गिझरची कॉइल तिसऱ्यांदा गेली. बाहेर काढली तर चुन्यात बुडवल्यावानी होती. धाकट्या भावाला, श्रीनाथला, मुतखडा निघाला. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर पी. कुठलं पी, ते नाही सांगितलं. आई चहाचं भांडं दर महिन्याला चिंच लावून घासते आणि तरी खपली निघतेच.

तुझे केस गळायचे ते आठवलं. कागदात गुंडाळून ठेवायचीस मला दाखवायला. मी न बघताच म्हणायचो, तेल बदल.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या. त्याचंच लिहायचं आहे, मगापासून दुसरंच लिहितोय.

आपलं लग्न होऊन चार महिने झाले होते. पहिल्या महालक्ष्म्या, म्हणून पुरण तुझ्या हातचं. आपल्या गावात डाळीचं पाणी वेगळं असतं हे तुला आईनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. नळाचं पाणी जड, त्यात डाळ शिजत नाही, म्हणून ते धुण्याभांड्याला; डाळीला बानूबाईच्या मळ्यातल्या विहिरीचं. आदल्या दिवशी आईनं मला दोन कॅन देऊन मळ्यात पाठवलं. सोवळ्यातला स्वयंपाक, सोडा चालत नाही, पाणी तेवढं नीट आण, म्हणाली.

मी मळ्यात गेलोच नाही. हायवेच्या ढाब्यावर पोरं बसली होती, त्यांच्यात बसलो. एक ट्रकवाला नागालँडच्या गोष्टी सांगत होता. ऐकता ऐकता वेळ झाला. मळा अजून तीन किलोमीटर, आणि रस्ता चिखलाचा. म्हणून एसटी स्टँडमागच्या नळावर कॅन भरले आणि घरी आणून ठेवले. एका दिवसानं काय होतंय, असं वाटलं.

हरभऱ्याची डाळ सकाळी दोन तास चुलीवर होती. तू पळीनं एक दाणा काढून दाबलास, मग दुसरा दाबलास. मला बाहेर बोलवून हळूच विचारलंस, "आवं, पाणी मळ्यातलंच हाय नव्हं?" आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मग काय नळाचं हाय व्हय? म्या काय येडा हाय?"

आतल्या बाया हसल्या.

पुढचं तुला माहीतच आहे. पुरणात कणी राहिली, पोळ्या तव्यावर फाटल्या, आणि तसाच निवद दाखवला. जेवताना शेजारची सखूबाई म्हणाली, "पुरण हाय का मुरूम गं?" आई म्हणाली, "येडशीवाल्यांनी लेकीला डाळ बी शिकवली न्हाय. हातालाच गुण न्हाय." तू वाढत होतीस. मी दोन पोळ्या खाल्ल्या आणि उठलो.

त्या दिवसापासून घरात काही नासलं की तुझा हात. दूध फाटलं, तुझा हात. म्हैस आटली तरी तुझा हात. मी तिथंच बसलेला असायचो. दिवाळीला तू माहेरी गेलीस आणि आली नाहीस. मला कोणी विचारलं तर मी म्हणायचो, तिचं मन लागत नव्हतं.

कागद आल्यावर आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मला तवाच कळलं हुतं. पातेल्याच्या काठाला पांढरं बसलं हुतं. मळ्याच्या पाण्याला बसतंय का तसं?" मी म्हटलं, मग तू बोलली का नाहीस. ती म्हणाली, "बारा बाया बसल्या हुत्या. त्यांच्याम्होरं पोटच्या पोराचं नाव घेऊ व्हय?" मी म्हटलं, आता यंदा त्याच बायांना सांग. तर म्हणाली, "गेलेली गेली. आता कशाला उकरतोस?"

मी फोन ठेवला. राग आला नाही, रडू पण आलं नाही. मंगळवार होता, कुकर लावला.

कागदावर सही केली आहे. परत ये म्हणायला मला तोंड नाही, म्हणून म्हणत नाही. तुला दुसरीकडं बघतायत असं ऐकलं. तिकडचे विचारणार, पहिल्यानं का सोडली, आणि आपल्या गावात चौकशी केली तर सखूबाई तेच सांगणार. म्हणून पुढचं पान वेगळं लिहिलं आहे. हे पान चुलीत घातलंस तरी चालेल. ते घालू नकोस. त्यात आईचं नाव आहे. खोडावं असं वाटलं होतं, खोडलं नाही.

———

मी, रणधीर कोंडीराम साळुंके, लिहून देतो की माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना पुरणासाठी मळ्यातलं पाणी आणायचं काम माझं होतं. मी ते आणलं नाही. नळाचं पाणी मळ्यातलं म्हणून दिलं. त्या पाण्यात कोणाचीच डाळ शिजली नसती. शिवांजलीनं मला विचारलं तेव्हा मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. माझी आई मथुराबाई हिला ते त्याच दिवशी कळलं होतं. तीही बोलली नाही.

शिवांजलीच्या हातात काही दोष नव्हता आणि नाही. हे वाचून कोणाला खात्री करायची असेल तर या पानामागं माझा नंबर लिहिला आहे. कधीही फोन करावा, मी उचलेन.

लिहून देणार,
रणधीर कोंडीराम साळुंके