चालत्या गाडीत शून्यावर आलेला काटा

८ नोव्हें., शनि.
बाबांच्या डोळ्याचं इंजेक्शन करून नागपूरहून परत येत होतो. लोधीखेड्याच्या अलीकडे चालती गाडी मेली. धक्का नाही, आचका नाही, एकदम मुकी. स्टिअरिंग हलेना, ब्रेक लाकडासारखा. मागे कापसाचा ट्रक, त्याचा हॉर्न थांबेचना. त्याने कसाबसा वळवून काढला, माझा आरसा घासून गेला. गाडी कडेला कशी आणली, देव जाणे.
बाबा, एका डोळ्यावर पट्टी: "वंदे, काय झालं व?"
"काही नाही बाबा." माझाच आवाज मला ओळखू येईना.
जरा वेळाने चावी फिरवली तर चालू! जणू काही झालंच नाही.
घरी सुधाकर म्हणाला, "क्लच नसन दाबला तू." (नवऱ्याचं नाव निदान इथे तरी घेते.)

९ नोव्हें., रवि.
झोप धड नाही. डोळा मिटला की तो ट्रक.
गाडी घेतली तीच बाबांसाठी. जुनी डिझेल, पांढुर्ण्याच्या एका निवृत्त गुरुजींची. बाबा रामाकोन्यात एकटे, दर महिन्याला नागपूर, डॉक्टर म्हणाले एकही इंजेक्शन चुकवू नका, उरलीय तेवढी नजर टिकवायची आहे. बसच्या धक्क्यांत त्यांचं डोकं ठणकतं. सुधाकरला दुकान सोडवत नाही. म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी मी शिकले. आमचं सगळं सौंसर हसलं. हसू दे म्हटलं.
आता मात्र स्वतःच्या पायांवरच संशय येतोय. खरंच दाबला नसेल का क्लच?

११ नोव्हें., मंगळ.
इथल्या मिस्त्रीने डिझेल फिल्टर बदलला. मी समोर उभी, आणि बोलतोय सुधाकरशी. "भाऊ, म्याडमले सांगा, क्लचवर पाय ठेवून चालवू नोका." अरे, मी काय भिंत आहे? सुधाकरने मान डोलावली. इतकं लागलं ना ते मला.

१६ नोव्हें., रवि.
पुन्हा!! रामाकोन्याला बाबांना डबा द्यायला निघाले होते. रस्ता मोकळा म्हणून वाचले.
पण आज मी पाहिलं. घाबरले होते तरी पाहिलं. गाडी चौथ्या गिअरमध्ये, पाय क्लचवर नाही, गाडी उतारावर धावतेय, आणि आरपीएमचा काटा सपशेल शून्यावर. असं कसं? गिअर पडलेला आहे, चाकं फिरताहेत, म्हणजे इंजिनही फिरणारच. मग काटा शून्य का सांगतो?
इंजिन खोटं बोलत नव्हतं. काट्याला जो खबर देतो, तोच झोपला होता.
माझा पाय नव्हता. माझा पाय नव्हता!

१७ नोव्हें., सोम.
सुधाकरला सगळं समजावलं. शाळेत वर्गाला शिकवते तसं, हळूहळू.
"आता तू मिस्त्री पण झाली का?" मग म्हणाला, "हे पाह्य, विकून टाकू. तुले जमून नाई राहिलं, त्यात काय लाज? बाबांले बसनं नेऊ."
किती गोड आवाजात. भांडला असता तर बरं वाटलं असतं.
म्हणजे गाडी जाणार, त्यामागून माझं चालवणं, आणि सहा डिसेंबरचं इंजेक्शन बसच्या भरवशावर. नाही. होऊ देणार नाही.

२० नोव्हें., गुरु.
शाळेत रजा टाकून एकटी पांढुर्ण्याला. सांगून गेले, विचारून नाही. सगळा रस्ता डावी कड धरून, जीव मुठीत.
गुरुजींनी सांगितलेला मेकॅनिक राजूभाऊ. पूर्ण ऐकून घेतलं. काट्याचं सांगितलं तेव्हा वर पाहिलं. "चालत्या गाडीत झिरो? पक्कं पाह्यलं ना ताई?" पक्कं. स्कॅनर लावला. क्रँक सेन्सर. "इंजिन फिरून राहिलं का नाई, हे कम्प्यूटरले हाच सांगते. हा चूप बसला का कम्प्यूटर डिझेल बंद करते." नवा सेन्सर बसवला.
गात गात निघाले. आणि सौंसरच्या अलीकडे गाडी पुन्हा मेली.
नवा सेन्सर घालूनसुद्धा! स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. कुणी दुचाकीवाला थांबला, पाणी दिलं, गेला. घरी सांगायची हिंमत झाली नाही.

२२ नोव्हें., शनि.
राजूभाऊंना फोन केला, म्हटलं, नवाही गप्प बसला म्हणजे खोट त्याच्या तारेत असेल. "आता तेच म्हणणार होतो ताई." मोटारसायकलवर आले, अंगणातच बोनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून सेन्सरची तार नुसती हलवली. गाडी बंद. पुन्हा चालू, पुन्हा हलवली, बंद. माझ्या अंगावर काटा आला.
तारेचं टोक सोडवलं. आतल्या पिना हिरव्यागार, देवघरातल्या न घासलेल्या तांब्यासारख्या.
"नुसत्या पाण्यानं इतकं नाई होत. काय मारलं होतं याच्यावर?"
सुधाकर दारात. मी दारात. दोघांचीही नजर एकाच ठिकाणी गेली, संत्र्यांवर फवारायच्या पंपाकडे. नळीवर निळसर पांढरी खपली. मोरचूद आणि चुना, बोर्डो!
दसऱ्याला आमच्याकडे ट्रॅक्टर, मोटारसायकल, विळे, सगळं याच पंपाने धुतात. प्रेशर छान. यंदा गाडी घरात नवी आलेली म्हणून सुधाकरने बोनेट उघडून आतूनही धुतली. "यंत्राची पूजा, तं यंत्राचं तोंड नको का धुवाले?" असं म्हणाला होता, मीच हसून टॉवेल दिला होता. आदल्या आठवड्यात बागेत फवारा मारलेला, टाकी कुणी विसळली असेल तर शपथ. वर हळद-कुंकू, झेंडूचा हार. देवा!
राजूभाऊ हसत सुटले. "दसऱ्यानंतर इकडच्या गाड्या अशाच येतात मायाकडे. पण बोर्डो पाजलेली हे पहिली."
"मले काय माहीत," सुधाकर म्हणाला. कान लाल. राजूभाऊंनी टोक कापून नवं जोडलं, कथलाचा डाग दिला, वर रबरी नळी चढवली.

२३ नोव्हें., रवि.
रामाकोना, परत, पुन्हा रामाकोना. इंजिन तापवून तापवून पाहिलं. काटा जागेवर. बाबांना घेऊन संत्र्याच्या बागांमधून उगाच हिंडले. "आता कशी गुमान चालून राहिली," बाबा म्हणाले. खूप खूप बरं वाटलं.
सुधाकर "चुकलं" म्हणाला नाही. न का म्हणेना. पूजाच करत होता बिचारा.

२९ नोव्हें., शनि.
काय लिहू. डोकं सुन्न आहे.
लोधीखेड्याला मैत्रिणीच्या घरी वास्तुशांत होती. रस्त्यात पंक्चरच्या दुकानात हवा भरायला थांबले. तो माणूस गाडीकडे पाहून म्हणाला, "काकू, हे आता बराबर चालून राहिली ना?"
मला वाटलं आठ तारखेचं ट्रकचं पाहिलं असेल.
"नाई नाई. कोजागिरीच्या टायमाले भाऊंसोबत दोनदा धक्का मारला म्या. चालता चालता बंद. म्या म्हटलंही भाऊंले, बाईमाणसाच्या हाती नोका देऊ बाप्पा, बनवून घ्या पहिले."
कोजागिरी. म्हणजे माझ्या कितीतरी आधी.
सुधाकरला माहीत होतं. माहीत असून चावी हातात दिली. बाबांना बसवून, नागपूरच्या रस्त्यावर. आणि घरी आल्यावर "क्लच नसन दाबला."


३० नोव्हें., रवि.
विचारलं. सकाळी, चहाच्या वेळी, सरळ.
चहा बशीत ओतला. मग म्हणाला, "मले वाटलं मायंच चुकून राहिलं. इतके वर्षं गाडी चालवून मले क्लच नाई जमत, हे कोणाले सांगू?"
इतका राग भरून आला होता, आणि हे ऐकून तो एकदम ओसरला. मी ज्या संशयात रात्री काढल्या, त्याच संशयात तोही! एका छताखाली, दोघं आपापल्या पायांना शिव्या देत.
मग आठवलं. "पण मी सांगितलं तेव्हा? माझ्याही हाती तशीच मेली म्हटल्यावर तरी तुम्हाला कळलं ना, गाडीच आहे म्हणून? तेव्हा का नाही बोललात?"
उठला. कप स्वतः विसळला, जे कधी करत नाही. दुकानात गेला.
संध्याकाळी आला तेव्हा म्हणाला, "सहा तारखेले मी पण येतो नागपूरले. तू चालव, मी बाजूले बसतो."
मी अजून हो म्हटलेलं नाही.