दुखत नाही, मग कशाला?

५ फेब्रुवारी

चि. पिपाणीबहाद्दर यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

वाढदिवसाला पाठवलेले सहा टूथब्रश फार उपयोगी पडले, असं तू लिहिलंस, म्हणून मी आमच्या दातांच्या दवाखान्यात सगळ्यांना कौतुकाने पत्र वाचून दाखवायला घेतलं. पुढच्याच ओळीत कळलं की त्यांनी तू क्लॅरिनेटच्या चाव्यांमधली धूळ काढतोस. आमचे डॉक्टर इतके हसले की खुर्चीतला पेशंट आ वासून तसाच राहिला. धन्य आहे बाबा तुझी!

त्या वाद्याला दर सहा महिन्यांनी न चुकता दुरुस्तीवाल्याकडे नेतोस. वाजवताना त्याच्यावर जे वरचे पुढचे दात टेकवतोस, ते शेवटचे कोणाला दाखवलेस? आणि घासतोस तरी दोन वेळा? आडवं खसाखसा घासू नकोस, ती भांडी नव्हेत. हिरडीपासून, हलक्या हाताने, चांगली दोन मिनिटं. एकवीस वर्षं मी या टेबलाशी बसून गावाला फोन करतेय की तपासणीची वेळ झाली, या. सख्खा भाऊ तेवढा हाती लागत नाही.

रागावू नकोस. रागवायचंच असेल तर दात घासून मग रागाव.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी तोंड गोड कर. वाद्यवृंदात अठरा वर्षं दुसऱ्या खुर्चीत काढल्यावर मला पहिली, म्हणजे मुख्य क्लॅरिनेटवाल्याची खुर्ची मिळाली, आणि एप्रिलच्या कार्यक्रमात एकट्याने वाजवायचा भागही माझाच! शेजारच्या खुर्चीतला क्लॅरिनेटवाला माझा दोस्त तोंडभर अभिनंदन करतो आणि दर दोन दिवसांनी तब्येतीची चौकशी करतो; मी आजारी पडलो तर खुर्ची त्याचीच ना!

आता तू विचारलंस म्हणून सांगतो. वरचा पुढचा एक दात जरा हलतो. फार नाही, जिभेने ढकलला तरच. ब्रश लावला की हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून मी समजूतदारपणा दाखवून ब्रश लावणंच बंद केलंय. दुखत तर मुळीच नाही, मग डॉक्टरांना उगाच कशाला त्रास? कार्यक्रम झाला की नक्की जातो. तोवर डाव्या बाजूने जेवतो.

तुझ्या ओरडण्याची सवय आहे, ती मोडू नकोस.

तुझा भाऊ

२४ फेब्रुवारी

चि. भावास आशीर्वाद. वि. वि.

रक्त येतं म्हणून घासणं बंद! वा रे शहाण्या! घासत नाहीस म्हणूनच रक्त येतंय. घाण साचली की हिरडी सुजते, मग आतलं हाड झिजतं, आणि दुखायला लागेपर्यंत सगळा कारभार आटोपलेला असतो.

आता एक सांगते, हसू नकोस. माझे वरचे दात माझे नाहीत. बारा वर्षं झाली, कवळी आहे. दवाखान्यात बसून जगाच्या वेळा वहीत लिहिल्या, माझी एकदाही लिहिली नाही. दुखत नव्हतं ना! एकदा दुपारी पेशंट आला नाही म्हणून सहज खुर्चीत बसले, तर डॉक्टरांनी वरचे सगळे दात काढायला सांगितले. तुला सांगितलं नाही, कारण मग तू माझं काय ऐकणार होतास?

माझं ठीक आहे, मला फोनच करायचे असतात. तुझं सगळं आयुष्य त्या दातावर टेकलंय. मला भीती वाटते रे. कार्यक्रमाची वाट बघू नकोस, उद्याच जा.

तुझी ताई

३० एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग हसवेना. दुसऱ्या दिवशी गेलो. चार खेपांत हिरड्या साफ केल्या, हलणारा दात शेजारच्या दातांना तारेने बांधला, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं की तीन महिने वाद्याला हात लावायचा नाही. दात राहिला. एकट्याचा भाग दोस्ताला गेला, खुर्चीसकट.

काल कार्यक्रम झाला. मी नवव्या रांगेत बसून माझा भाग ऐकला. छान वाजवला मेल्याने. मी रडलो, तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

नंतर आत भेटायला गेलो, तर तो वाद्याच्या तोंडावरचं रक्त रुमालाने पुसत होता, अगदी सवयीने. ताई, मनात काय आलं सांगू? गप्प बसलो तर वर्षभरात खुर्ची आपोआप माझी. तो विचार घेऊन मी जिन्यापर्यंत गेलोसुद्धा. मग माझीच मला लाज वाटली. परत आत गेलो आणि त्याला सगळं सांगितलं, हिरड्या, हाड, ब्रश कसा धरायचा ते, डॉक्टरीणबाईंचा पत्ताही दिला.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की तुझं दुःख मी समजू शकतो, पण खुर्चीसाठी माणसाला असं घाबरवणं तुला शोभत नाही. शिवाय त्याचं काही दुखत नाही. दात हलायला लागला की जाईन म्हणाला.

एकवीस वर्षं तू आम्हा लोकांना फोन कसे करत राहिलीस गं? मी तर एकाच माणसाला सांगून थकलो. सोमवारी त्याला पुन्हा फोन करणार आहे. काय बोलायचं ते सविस्तर लिहून पाठव, आणि अशीच मागे लागत राहा.

तुझा भाऊ