सरचे पाय

२८ सप्टेंबर, रविवार

पट्ट्या आल्या. पार्सल सोडलं तर मले वाटलं खालचा भाग पाठवला, वरचा राहून गेला. रबराचा एक पातळ तुकडा अन् त्यातून ओवलेली दोरी, बस. याले धावायची चप्पल म्हणतात म्हणे. सर तिथंच घालून ओट्यावर उभे राह्यले, बोटं पसरून. "पाह्य ज्योती, पाय कसा मोकळा झाला." भेगांत काळा मळ बसलेला, नखं वाढलेली, कारण साबण अन् नेलकटर दोन्ही बंद आहे आमच्या घरात. मी म्हटलं, दिसून राह्यलं. अन् मशीनकडं वळली. दिवाळीचे ब्लाउज पडले आहेत लोकांचे.

रिटायर होईपर्यंत शाळेत पाचवीले आदिमानवाचा धडा शिकवला, तोच डोक्यात गेला वाटते. गावाचे सर म्हणून मीही सरच म्हणते. नवरा म्हणावं असं सध्या काही दिसत नाही.

३० सप्टेंबर, मंगळ.

पुण्याचा कोणी दाढीवाला फोनमधून सांगते अन् सर करतात. पोळी नाही, मीठ नाही, खुर्ची नाही. सकाळी कच्ची अंडी ग्लासात फोडून गिळतात, तो घशाचा आवाज मले मशीनपर्यंत ऐकू येते. दुपारी बकऱ्याचे खूर उकळत ठेवतात, गॅस तासन्‌तास चालू. नवरात्र चालू आहे, मंदिराच्या यात्रेकरूंच्या गाड्या दारासमोरून जातात, अन् आमच्या खिडकीतून हा वास. शेजारच्या मावशीनं आमच्याकडची खिडकी लावून घेतली ती उघडलीच नाही. लाज वाटते अन् ओकारीही येते.

शुगरच्या गोळ्याही बंद. "आदिमानव गोळ्या खात होता काय?"

मी म्हटलं, आदिमानवाले पेन्शनही नव्हती, ते सोडता काय.

हसले. हेच डोक्यात जाते माझ्या, हसतात.

४ ऑक्टोबर, शनि.

प्राचीचा फोन. नर्सिंगचं शेवटचं वर्ष, अकोल्याले. दिवाळीत ड्युटी लागली, येणार नाही. तिले सांगतलं बाबा काय करून राह्यले ते. पहिले हसली, मंग म्हणे, "आई, शुगरवाल्यानं घरातही अनवाणी फिरू नाही. पाय बधिर होतात. तू रोज पाह्यत जा त्यांचे पाय, खालून."

खालून. त्या पायांले खालून पाहायचं म्हणजे आधी नाक दाबावं लागते.

पण तिनं म्हटल्यावर मोठे भाऊजी आठवले. सरचे थोरले भाऊ, त्यांलेही शुगर. चप्पल लागली होती अंगठ्याले, एवढंच. अंगठा गेला, मंग पाऊल, मंग गुडघ्यापर्यंत पाय, मंग भाऊजीच. दवाखान्यात पूर्ण वेळ सरच होते जवळ. वापस आले तेव्हा नळाखाली पाय धुत बसले होते, कितीतरी वेळ. त्यावर एक शब्द बोलले नाहीत, आजपर्यंत. गोळ्यांचा राग तेव्हापासूनचाच आहे, मले कळते. म्हणतात भाऊ गोळ्या खाऊनच मेला.

७ ऑक्टो.

काल सकाळी धावायले पाच माणसं होती, आज अकरा. पुढं सर, मागं कृषी केंद्रवाला गजानन, मोबाइल धरून. गजानन सरचा जुना विद्यार्थी, आता पट्टशिष्य. त्यानं दुकानातल्या टायरच्या तुकड्यातून स्वतःच्या पट्ट्या कापल्या अन् पायाले फोड आले, तरी लंगडत धावते. काय वेड लागलं लोकाले.

सर म्हणतात मंदिरात येणारे मुनीही अनवाणीच चालतात. मी म्हटलं, ते मागं मोबाइलवाला घेऊन नाही चालत.

१२ ऑक्टोबर, रवि.

आज हद्द झाली. गजाननच्या वावरात सोयाबीन सोंगून झालं, नुसती धसकटं उभी आहेत. ती धसकटं म्हणजे खिळे, बुटातून लागतात. मजूर बाया जाड चपला बांधून जातात. अन् सर त्यातून पट्ट्यासुद्धा काढून पळाले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. गजाननच्या व्हिडिओत मी पाह्यलं, तोंडावर एक सुरकुती नाही. वावरातली एक म्हातारी ओरडून राह्यली, "अवो सर, पाय फाटतीन ना." अन् हे हात हलवून राह्यले तिले.

शेवटी कॅमेऱ्याले तळवा दाखवला. दोनतीन ठिकाणी रक्त. म्हणाले, काहीच जाणवलं नाही, मातीनं वेदना ओढून घेतली.

मी व्हिडिओ बंद केला. हातातलं कापड वाकडं कापलं गेलं होतं, पाटलीणबाईचं.

१३ ऑक्टो., सोम.

व्हिडिओ सगळीकडं गेला. आज किन्हीराजाहून दोघं जण मोटरसायकलवर आले. सरच्या पायावर डोकं ठेवलं. खरोखर कपाळ टेकवलं, त्या पायावर. एक जण म्हणे, "सर, साधना लागते याले." सर म्हणाले, हाव, लागते थोडी.

चहा द्यायले मी गेली, तर मलेही म्हणे, वहिनी तुमी भाग्यवान.

मोरीत जाऊन गुळण्या केल्या. तोंडात काही नव्हतं तरी.

१६ ऑक्टो., गुरु.

मशीनखाली टाचण्या सांडल्या होत्या, गोळा करून राह्यली होती. सर स्वैपाकघरातून आले, बैठकीत गेले, वापस आले. टाचेत टाचणी. डोकं चमकून राह्यलं होतं तिचं, मी ओरडायच्या आत तिसरी फेरी. मी म्हटलं थांबा. उपसली. म्हणे, "काय होतं?"

म्हटलं काही नाही. काहून म्हटलं असं, माहीत नाही. भ्याली.

१८ ऑक्टो. धनत्रयोदशी.

तेरा ब्लाउज दिले आज. मानेत उसण भरली. सरनं दिवे लावले ओट्यावर, पाह्यलं तर सर चांगले दिसून राह्यले होते त्या उजेडात. जवळ आले की वास.

२२ ऑक्टोबर, बुध. पाडवा

लिहू की नको झालं होतं. लिहिते.

पाडव्याले नवऱ्याले तेल-उटणं लावायचं, लग्न झाल्यापासून लावते. पहाटे पाट मांडला. साबणाले नाही म्हणणाऱ्या माणसाले उटणं चालते, ते जुनं आहे म्हणे. सर पाटावर बसले, पाय लांब करून, अन् हातात फोन. ग्रुपवाल्यांले पाडव्याच्या शुभेच्छा देऊन राह्यले थेट. मी पाठ केली, हात केले, पायाशी आली.

घासता घासता उजव्या तळव्याले, अंगठ्याच्या खाली, बोट अडकलं. काळा ठिपका. दाबला तर बाजूनं पू.  पदराले खोचलेली सुई होतीच, दिव्यावर धरली अन् टोकरलं. धसकटाचा तुकडा निघाला, नखाएवढा, सडून काळा झालेला. वावरातल्या त्या दिवसापासून आत होता, त्यावर रोज धावून राह्यले हे. मी सुई आत घातली, फिरवली, ओढून काढला. अन् वर सर बोलून राह्यले,

"पाय म्हणजे आपला डोळा आहे मित्रहो. खडा कुठला, काडी कुठली, ओल किती, सगळं पाय सांगते. आपण बूट घालून त्याले आंधळं केलं."

पाय हलला नाही. आवाजही हलला नाही. मधात एकदा फोनवर हात ठेवून मले विचारलं, "पाणी तापलं काय?"

हाव म्हटलं. आंघोळ झाली, ओवाळलं. मंग रीतीप्रमाणं पाया पडली. त्या पायाचा वास नाकात बसला तो दिवसभर गेला नाही, करंजीलेही तोच.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज

कागदाच्या पुडीत ठेवलेला तुकडा दाखवला. म्हटलं हा तुमच्या पायातून काल काढला, सुईनं, तुमी बोलून राह्यले होते तेव्हा.

पुडीकडं पाह्यलं. म्हणे, "तू हळू काढलं म्हणून समजलं नाही. शिवणाऱ्या बाईचा हात हलका असते."

असा संताप आला. लाडात येऊन बोलले वरून. म्हटलं, मोठ्या भाऊजींलेही पहिले समजलं नव्हतं.

ताट सरकवून उठले. "भाऊचं नाव काढायचं नाही या घरात."

 संध्याकाळी धावायले गेले, पट्ट्या घालून. मी दारातून पाह्यत होती. उजवा पाय थोडा तिरपा टाकतात आता. दुखत नाही म्हणतात तर तिरपा काहून टाकतात?

२५ ऑक्टो.

पट्ट्या लपवल्या, धान्याच्या कोठीमागं. गजाननकडून दुसऱ्या आणल्या, तासाभरात. टायरच्या, आणखी पातळ. वर मलेच म्हणे, "तुले माही प्रगती पाह्यली जात नाही."

प्रगती म्हणे.

२८ ऑक्टोबर, मंगळ.

चादरी धुवायले काढल्या. सरच्या चादरीच्या पायथ्याले वास. घामाचा नाही, मळाचा नाही. गोडसर, सडका. हा वास मले माहीत आहे. भाऊजींच्या वॉर्डात डबा घेऊन जायची तेव्हा दारातच यायचा. मी चादर हातात धरून मोरीत उभीच राह्यली.

मंग मोरीतला कपडे धुवायचा दगड हलवला, पाणी तुंबलं होतं म्हणून. त्याखाली माझ्या अस्तराच्या कापडाची घडी. माझ्याच टोपलीतलं, मोतिया रंगाचं. पिवळं-तपकिरी झालेलं, कडक. एक नाही, तीनचार.

म्हणजे सरले माहीत आहे. रोज बांधतात, रोज लपवतात, अन् बाहेर जाऊन लोकाले तळवा दाखवतात. दुसरा. डावा. आता आठवलं, मी तुकडा दाखवला त्या दिवसापासून व्हिडिओत डावाच पाय असते.

एवढी किळस मले खुरांच्या वासाची आली नव्हती, अंड्यांची नाही, नखांची नाही. पायाची तर नाहीच आली आज. या लपवण्याची आली. माझ्या कापडात, माझ्या मोरीत, मले ठाऊक न पडता. एकटा माणूस न्हाणीत बसून पाय बांधते अन् बाहेर येऊन हसते.

घड्या पेटवून टाकल्या. रडली थोडी, डोळ्यात धूर गेला म्हटलं मावशीले.

२९ ऑक्टो.

प्राचीले सगळं सांगतलं. ती एकदम नर्सच्या आवाजात बोलाले लागली, मले तिची भीतीच वाटली. "आई, आज नाही तर उद्या, पण घेऊन ये. पाऊल वाचवायचं असेल तर. अंगठा काळसर दिसते काय?" मी म्हटलं सगळाच पाय काळा आहे, मळानं. ती चिडली.

सर म्हणतात रविवारनंतर पाहू. रविवारी मोठी धाव आहे.

३१ ऑक्टो., शुक्र.

चौकात फ्लेक्स लागला. सरचं तोंड लहान, पाय मोठे. पट्ट्या घातलेले, रंग लावून उजळ केलेले. खाली गजाननच्या कृषी केंद्राचं नाव. भाजी घेऊन येताना एक बाई फ्लेक्ससमोर हात जोडून राह्यली होती, सवयीनं असेल. मले त्या फ्लेक्सवर शेण फेकावं वाटलं.

दोन कापडी पिशव्या भरून ठेवल्या, अकोल्यासाठी. सरचे जुने बूट काढले माळ्यावरून, आत कागद भरून ठेवले होते मी. उजवा आता जात नाही. सुजला आहे पाय. मी फक्त मापून पाह्यलं, सर झोपेत असताना.

१ नोव्हेंबर, शनिवार

उद्या सहाले चौकात जमा व्हायचं आहे सगळ्यांले. तालुक्याची, मालेगावची पहिली एसटीही सहालेच निघते, तिथून अकोल्याची मिळते. दोन्ही एकाच जागेहून.

संध्याकाळी सर ओट्यावर बसले होते, पाय खाली सोडून. गजानन येऊन गेला, उद्याचं सांगून, वाकून. तो गेल्यावर मी पाण्याचं घमेलं नेलं, साबण नेला. सरनं पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली. मी पाय धुतले, दोन्ही, साबण लावून. किती दिवसांनी. पाणी दोनदा बदललं. उजव्याले कापसानं पुसलं. अंगठ्याचं नख धुतल्यावरही काळंच राह्यलं.

म्हटलं, प्राचीनं एक खेळ सांगतला आहे. डोळे मिटा. मी बोटाले हात लावीन, तुमी फक्त कोणतं ते सांगायचं.

"हा काय पोरखेळ आहे?"

"पाय डोळा आहे ना तुमचा. मंग सांगा."

पाह्यलं माझ्याकडं. वाटलं उठून जातील. नाही उठले. म्हणे, "अन् सांगतलं बरोबर तर?"

म्हटलं, तर उद्या मीच ओवाळीन तुमाले चौकात. अन् नाही सांगतलं तर एसटीत बसायचं, फ्लेक्ससमोरून.

 रस्त्यानं यात्रेकरूंची एक गाडी गेली. मंग म्हणाले, हळूच, "भाऊलेही डॉक्टरनं असंच केलं होतं. मी बाजूले उभा होतो. तो हसून राह्यला होता, म्हणे लवकर लावा ना साहेब."

अन् डोळे मिटले. पाय पुढं केला. घट्ट मिटले, लहान पोरासारखे, कपाळाले आठ्या पाडून.

मी अंगठा धरला. चिमटीत धरला. दाबला. मंग नख लावलं, रुतवलं, पांढरं झालं माझं नख.

सर म्हणाले, "लाव ना वो हात. काहून थांबली?"

मी म्हटलं, थांबा, लावते.

अन् आत निघून आली. हात धुतले नाहीत, तसंच लिहून राह्यली. सर अजून तिथंच बसले आहेत, डोळे मिटून, पाय पुढं करून. मले इथून दिसतात. आत्ता विचारलं, "लावला काय?"