मैदानाच्या टोकाला आई

प्रिय आबा,

काल तुमचं तेरावं झालं आणि आज सकाळपासून माझं डोकं तापलंय. भांडायला समोर कुणीतरी लागतं. भाऊकाका बुंदीवर हात मारून माजलगावला निघून गेले, पुढारी तर पत्रावळी उचलायच्या आधीच गेले. राहिलात तुम्ही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

शोकसभा आपल्या घाटनांदूरच्या शाळेमागच्या मैदानावर होती. तिथं आजवर झालेल्या प्रत्येक सभेला, लग्नाला, भजनाला तुमचे भोंगे वाजले. आणि तुमच्याच सभेला काकांनी कुणाला बोलावलं? डीजेवाल्याला. आपले आठही भोंगे घरी पत्र्याच्या शेडात तसेच टांगलेले. "आता भोंगं कोण लावतंय गं," म्हणाले.

मग भाषणं. एकजण उठला आणि म्हणाला, आबांनी एकट्याच्या हिमतीवर लाऊडस्पीकरचा धंदा उभा केला. दुसरा उठला, तोही एकट्याच्या हिमतीवर. तिसऱ्यालाही वेगळं काही सुचलं नाही. एकट्याच्या? मग मैदानाच्या त्या टोकाला, बाभळीखाली उभी राहायची ती कोण होती?

टेंपोतून भोंगे उतरायचे, बांधून व्हायचे, तुम्ही माईक हातात घ्यायचात आणि आई मुकाट्यानं पार शेवटाला चालत जायची. तुम्ही विचारायचात, "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" येत नसला तर ती हात वर करायची. तुम्ही भोंगा वळवायचात, पुन्हा विचारायचात. तिचा हात खाली आला की मगच कार्यक्रम सुरू. इथपासून मांजरसुंब्यापर्यंत असं मैदान नसेल जिथं ती उन्हात उभी राहिली नाही.

काल तिला बायकांत सगळ्यात मागं बसवलं होतं. डीजेच्या डब्यांनी पुढच्यांच्या छातीत धडधड होत होती, मागं नुसती गुरगुर. शब्द एक कळेना. तुमच्याबद्दल काय बोलतायत ते आईला ऐकूच येत नव्हतं, आबा. ती उभी राहिली आणि सवयीनं तिनं हात वर केला. मंचावरच्या एकानंही पाहिलं नाही. शेजारच्या बायांना वाटलं, चक्कर आली. त्यांनी तिला खाली बसवून तोंडावर पाणी मारलं. काका तिकडून हातवारे करत आले, "वैनी, बसा की. लोकं बघायलीत."

मी काकांना म्हटलं, तिला दोन शब्द बोलू द्या. तर म्हणे, "बाईमाणसानं कशापायी बोलावं असल्या टायमाला? तू बोल की, शिकल्याली हायस." तोंड उघडलं असतं तर शिव्याच निघाल्या असत्या.

पण एकट्या काकांना कशाला बोलू? तुम्ही तरी काय वेगळे होतात?

मागच्या वर्षी मी पुण्याहून माझे ते छोटे कॉम्प्युटर घेऊन आले, आठवतं? तळहातावर मावणारा एक हिरवा बोर्ड, त्यातच सगळं, ना पडदा ना बटणं. तुम्ही उलटासुलटा करून पाहिलात. "ह्याला डबा न्हाई, काय न्हाई. ह्यो भोंगा वाजवणार व्हय?" मी प्रत्येक भोंग्यामागं एकेक बोर्ड आणि लहानसा ॲम्प्लिफायर बसवला. एक भोंगा तुमच्या आवाजात "आवाज येतोय का?" विचारणार, लांबचा दुसरा तेच विचारणार, आणि माणसांनी मधून फिरायचं. प्रदर्शनांत अशा आवाजाच्या मांडण्या करणं हे माझं काम. ते तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. तरी शर्टाची बटणं लावून, दोनदा खाकरून तुम्ही तुमचं "हॅलो, हॅलो" रेकॉर्ड करून दिलंत. लई बरं वाटलं होतं मला.

मग मी म्हटलं, आता आईचाही आवाज घेऊ. तुम्ही म्हणालात, "तिचं काय घेतीस? ती कुठं बोलती? ती नुसती हुबी ऱ्हाती."

आई तिथंच शेंगा फोडत बसली होती. आबा, तुमचा आवाज कुठवर पोचतो हे इतकी वर्षं तुम्हाला सांगितलं कुणी? एकदा, एकदाच माईक तिच्या हातात दिला असता तर काय बिघडलं असतं?

भोंगे पुण्याच्या प्रदर्शनात नेऊन आणले. तिथं लोक त्यांच्याखालून फिरले, हसले, फोटो काढले. भोंगे विचारत राहिले, उत्तर कुणीच दिलं नाही. तेव्हापासून काहीतरी खटकत होतं. काल आईचा हात पाहिला आणि कळलं काय ते.

आज सकाळी शेडात जाऊन मी बोर्डांमधला जुना प्रोग्रॅम पुसून टाकला, नवा लिहिला आणि एक माईक जोडला. आता भोंगे एकदाच विचारतात आणि गप्प बसतात. कुणी बोललं की माईक ते सगळं ऐकून घेतो, मगच आठही भोंगे ते वाजवतात. ऐकणं आणि वाजवणं एकदम केलं की भोंगा शिट्टी मारतो, हे तुम्हीच शिकवलंत.

चालू करून बघतेय तेवढ्यात आई चहा घेऊन दारात आली. भोंग्यातून तुम्ही विचारलंत, "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?"

मला वाटलं, आता रडेल. कशाची रडते! कप खाली ठेवला, पदर खोचला आणि भोंग्याकडं बघून म्हणाली, "येतोय की. जलमभर येत व्हता. माझा कवा आला का तुमाला?"

माईकनं ते सगळं ऐकून घेतलं. मग आठही भोंगे आईच्या आवाजात तेच बोलले. पत्रे थरथरले. आई दचकून चारी बाजूंना बघायला लागली.

"एवढा मोठा हाय व्हय माझा आवाज?" म्हणाली. मग जरा थांबून, "आजून एकदा लाव."

तर आबा, शब्द देते. तुमच्या वर्षश्राद्धाला हे भोंगे त्याच मैदानावर बांधणार. काकांना राग येऊ दे, डीजेवाल्याला येऊ दे. माईकपाशी आई उभी राहील. टोकाला, बाभळीखाली, कुणाला बसू देणार नाही. ती जागा तुमची. आईचा आवाज येत नसला तर हात वर करा, मी भोंगा वळवीन.

तुमची, राग अजून न उतरलेली,
सुमन