अक्कांचा नळ

जळगाव, मार्च १९३८, शुक्रवार

मास्तरकी संपवून धुळ्याहून आले, तेव्हापासून खोलीसाठी हे शहर पालथं घालते आहे. आज एक पसंत पडली. अंगणात नळ! माझं शिक्षण विचारून झाल्यावर घरमालकीण अक्का माझ्या बुटांकडे बघत म्हणाल्या, "कॉन्व्हेंटात शिकल्या म्हणजे किरिस्ताव शेतस ना? मग नळले हात नका लावू. मोलकरीण वरून पाणी ओतेल."

मी हिंदूच. तेवढं बोलले असते तर किल्ली मिळाली असती. पण का सांगू? त्याच नळाला त्यांची म्हैस खुशाल तोंड लावत होती.

"अक्का, हिची जात विचारलीत?" म्हणाले आणि निघाले.

मूर्खपणा झाला? असेल. उद्या धर्मशाळा सोडायची आहे, जायचं कुठे ठाऊक नाही. तरी त्या बाईला माझी जात कळू देणार नाही.