मेणाची गोष्ट

१२ फेब्रुवारी

आप्पा,

नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल आणि काकू तुम्हाला दिवसातून दोनदाच चहा देत असतील, असं धरून चालते. मी ठीक. गुडघे कुरकुरतात, पण व्युत्पत्तिकोशाच्या कामाला गुडघे लागतात कुठे?

कार्यालय होतं तसंच आहे. परवा नव्याने रुजू झालेल्या बाईंनी 'विंडो'चं मूळ विचारलं. म्हटलं, उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या लोकांनी तो शब्द इंग्रजीला दिला. त्यांच्या भाषेत अर्थ 'वाऱ्याचा डोळा'. त्या हरखून म्हणाल्या, "किती छान जुळवलंय हो!" मी ताडकन म्हणाले, "जुळवलेलं नाही. पुरावा आहे."

मग दुपारभर माझ्या हातून काम झालं नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे. बावीस वर्षं आपण त्यावर चकार शब्द काढलेला नाही.

'सिन्सिअर'. मूर्तिकार संगमरवराच्या भेगा मेणाने बुजवायचे, प्रामाणिक कारागिराची मूर्ती मेणाविना, लॅटिनमध्ये 'सिने सेरा', असायची, त्यावरून हा शब्द आला, असं मी ऐकीव लिहिलं. पुराव्याशिवाय शब्दाची चिठ्ठी छपाईला पुढे जायची नाही, हा आपला नियम. तुम्ही तापाने घरी होतात. मी ती थेट तपासलेल्या चिठ्ठ्यांच्या पेटीत सरकवली.

कोश छापून आला आणि जाणकारांनी आपली पिसं काढली. शब्द लॅटिनमधला, अर्थ 'शुद्ध', इंग्रजीत आला सोळाव्या शतकात. यात मेण कुठे आहे? कोशमंडळाने चिठ्ठी मागवली. तिच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं होती. तुम्ही ती फाडलीत, स्वतःच्या अक्षरात नवी लिहिलीत आणि म्हणालात, "चूक माझी." तुमची नोकरी गेली, मुख्य संपादक म्हणून असलेलं नावही गेलं. माझे बाबा अंथरुणाला खिळलेले होते, आणि मी मिठाची गुळणी धरून बसले. जाताना तुम्ही एवढंच बोललात, "बाई, शब्दाचं घराणं सांगायचं. स्थळासारखं सजवायचं नाही."

त्यानंतर पुराव्यावाचून एकही शब्द मी पुढे सोडला नाही. मला जे येतं ते तुम्ही शिकवलेलं. बाबांची शेवटची दोन वर्षं औषधपाण्यात कमी न पडता गेली, तीही तुमच्यामुळे. खूप आधीच आभार मानायला हवे होते. पण मानायचे तर कशाचे, ते सांगावं लागलं असतं.

सोमवारी मंडळापुढे सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "आता कशाला उकरून काढता?" म्हटलं, नवी आवृत्ती छापायला चाललीय म्हणून. शेवटी त्यांनी मानलं. मुख्य संपादक म्हणून तुमचं नाव परत येईल. तुमच्यानंतर त्या जागी आलेलं माझं नाव मी काढायला लावलं. सोबत त्या पानाचं प्रूफ आहे. तुमची सही झाली तरच ते छापतील. मनात राग असेल तर करू नका. पान कोरं जाईल, पण त्या जागी माझं नाव येणार नाही.

अजूनही तुमच्याच हाताखालची